मागच्या बाकावरचा ग्लास

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा मिशनचे प्रचारक होते. सायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंनी पिशव्या अडकवून ते आठवडी बाजार गाठायचे, खाप्यापासून उमरेडपर्यंत, आणि समोर येईल त्याच्या हातात एक पत्रक ठेवायचे. लोक त्यात चणे बांधून न्यायचे. बाबांना त्याचं वाईट वाटत नसे. म्हणायचे, चणे संपले की कागद उरतो. मी लहान असतानाच ते गेले. उरलेले गठ्ठे आमच्या पलंगाखाली होते आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. सगळ्यांची रचना एकच. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत प्रश्न, शेवटच्या पानावर उत्तर, आणि मधल्या पानांवर वाचणाऱ्याला जागेवरून उठू द्यायचं नाही. पुढे कॉलेजात युनियनवाल्यांची पत्रकं हाती आली. त्यांचा कागद आणखी स्वस्त होता, रचना मात्र तीच. मला लिहिता येतं ते असंच येतं. कोणाला हळुवार आठवणी हव्या असतील तर त्यांनी दुसरीकडे जावं.

माझा प्रश्न असा आहे. देवाला एखादं अवघड काम करून घ्यायचं असतं तेव्हा तो माझ्या आईसारखीलाच का गाठतो? ज्यांची घरं स्वतःची आहेत, ज्यांच्या शब्दाने चार माणसं हलतात, त्यांच्या दारावर तो कधीच का थाप मारत नाही?

बाबांच्या मागे आई मिशनच्या आवारातल्या मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन झाली. पदाचं नाव मोठं. काम म्हणजे पहाटेच्या चुली, मुलींच्या वेण्या, उवा, ताप, आणि रात्री फाटकाला कुलूप. राहायला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे दीड खोली होती. नोकरी, छप्पर आणि दोन वेळचं जेवण ही तिन्ही एकाच दोरीवर वाळत घातलेली होती, आणि दोरीचं टोक मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचांच्या हातात होतं. आईला हे माहीत होतं. मला तर ते रोज सकाळी उठल्याबरोबर आठवायचं.

आमच्या मंडळीत प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, तीन महिन्यांतून एकदा व्हायचं. जुन्या गोऱ्या मिशनरींनी घालून दिलेली पद्धत. कोणी पुढे जायचं नाही, आपापल्या बाकावर बसून राहायचं. पंच भाकरीची थाळी आणि चांदीचा मुलामा दिलेला एक मोठा पेला बाकाच्या टोकाशी आणून देत. मग पेला हातोहात सरकायचा. आपण एक घोट घ्यायचा आणि शेजारणीला द्यायचा. मंडळी मोठी असली तरी पेला एकच. पेल्यातला रस आई करायची. आदल्या दिवशी मनुका भिजवून, उकळून, मलमलीतून गाळून. मी स्वतः घोट घेत नव्हते. दृढीकरण म्हणजे मंडळीचं पक्कं सभासदत्व; त्याच्या वर्गात मी एवढे प्रश्न विचारले की आमच्या धर्मगुरूंनी, पाळकांनी, मला पुढच्या वर्षी यायला सांगितलं, आणि पुढच्या वर्षी मी गेले नाही. दृढीकरण झाल्याशिवाय पेल्याला हात लावायचा नाही, हा नियम.

बायकांच्या बाजूचा शेवटचा बाक, दाराजवळचा, या एका पेल्यात धरलेला नव्हता. तिथे एक बाई एकटी बसायची. उमरेडच्या विणकर घरातली. लग्नानंतर अंगावर चट्टा उठला तेव्हा नवऱ्याने तिला कुष्ठाश्रमाच्या फाटकाशी आणून सोडलं आणि पुन्हा फिरकला नाही. आश्रमातच ती ख्रिस्ती झाली. औषधांनी रोग केव्हाच गेला होता, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. जाताना तो तिच्या उजव्या हाताची बोटं तेवढी घेऊन गेला. आता ती रेल्वेलाइनीपलीकडे एका खोलीत राहायची, कोंबड्या पाळायची आणि अंडी विकायची. अंड्याले कवच असते म्हणून लोक घेतात, असं तीच हसून सांगायची. मी तिला मावशी म्हणायचे.

पेला सगळ्या बाकांवरून फिरून पाळकांपुढच्या मेजावर परत गेला की पंच एका स्टीलच्या ग्लासात थोडा रस घेऊन मागे जात. मावशी तो दोन्ही तळव्यांत धरून प्यायची. पंच ग्लास पांढऱ्या फडक्यात धरून परत आणत आणि मेजाच्या कोपऱ्यात ठेवत. सगळी भांडी परत आली की पाळक त्यांच्यावर पांढरं आच्छादन घालत, आणि मगच शेवटची प्रार्थना होई. हे इतक्या व्यवस्थित चालायचं की त्यात काही वाईट आहे असं कोणाला वाटतच नसे. मला ते दिसायला लागलं तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची असेन. एकदा दिसल्यावर त्या मंडळीत मला दुसरं काही दिसेनासं झालं.

मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी आई मनुकांच्या पातेल्यात डाव फिरवत होती.

"मले देवानं एक काम सांगितलं," ती म्हणाली.

"कोणतं?"

"तिच्या संगं बसाचं. पुढं, आपल्या बाकावर."

कोणाच्या संगं, हे विचारायची गरज नव्हती. "कसं सांगितलं? आवाज आला?"

"भूक लागते तवा दर खेपेला पोटाचा आवाज येते का? तरी समजते ना."

"हे तुझ्याच मनातलं आहे, आई."

"माह्या मनातलं असतं तर काही सोपं आलं असतं. माह्यं मन म्हणून राहिलं, काहून वं भानगडीत पडतं, पोट्टीचं शिक्षण होऊन जाऊ दे."

"ते तुला काढतील."

"हाव, काढतीन."

"मग?"

"मंग तवा पाहू."

"कोण पाहील?"

"ज्यानं सांगितलं थो."

मला एवढा राग आला की मी चुलीतलं लाकूड उगाच बाहेर ओढलं. पेल्याच्या पद्धतीवर चिडलेली मी. वर्गात वाद घातलेली मी. आणि देवाने सांगितलं कोणाला, तर जिने आयुष्यात कोणाशी वाद घातला नाही, जी पंचांसमोर डोक्यावरचा पदर पडू देत नाही, तिला. मला सांगितलं असतं तर मी पत्रक काढलं असतं, सह्या गोळा केल्या असत्या, चार पोरी बरोबर नेल्या असत्या. आईला काय येत होतं? तिला फक्त ऐकता येत होतं.

संध्याकाळी ती लाइनीपलीकडे निघाली. वाटभर वाद घालता यावा म्हणून मीही निघाले. मावशी कोंबड्या टोपल्याखाली झाकत होती. आईने चार वाक्यांत सगळं सांगितलं. मावशीने शेवटची कोंबडी पकडली, टोपल्यावर दगड ठेवला आणि म्हणाली,

"मी नाही येत."

"काहून वं?"

"तुमाले देवानं सांगितलं, मेट्रनबाई. मले नाही सांगितलं."

मावशी पुढे म्हणाली, "पुढं बसून मी का करू? पेला माह्या हातून गेला का मागच्या साऱ्या बाया नाक मुरडतीन. मले पाठीले डोये नाही, पण समजते. मागं दाराची हवा तरी येते."

मी मध्ये पडले. "मावशी, हा हक्काचा प्रश्न आहे."

"कोणाच्या हक्काचा? तुह्या का माह्या?"

"तुमच्या."

"मंग मले इचारून प्रश्न काढाचा होता. तुमी दोघी मायलेकी घरून ठरवून आल्या आन मले न्याले आल्या. वरातीत घोडा नेते तसं."

आई हसली. मला हसू आलं नाही. मला वाटलं, बरं झालं, सुटलो. देवाने सांगितलेलं काम आईने करायचा प्रयत्न केला, समोरच्या बाईने नाही म्हटलं, आता खोली वाचली. परत येताना रेल्वे फाटकाशी मालगाडी जायची होती. आम्ही उभ्या राहिलो. शेवटचा डबा गेला तशी आई रूळ ओलांडायला निघाली. मग म्हणाली,

"मलेच अर्धं ऐकू आलं होतं. त्यानं तिच्या संगं बस म्हटलं. पुढं बस, हे मी माह्या पदरचं लावलं."

दुसऱ्या दिवशी आई शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

मी आमच्या नेहमीच्या बाकावर होते. पेला आला, माझ्यापुढून गेला, मागे मागे सरकला. शेवटून दुसऱ्या बाकावरून पंचांनी तो परत घेतला. या पंचांची लकडगंजला लाकडाची वखार होती आणि आवारातला प्रत्येक दरवाजा त्यांच्या लाकडाचा होता. त्यांनी आईला खूण केली, इकडे या, तुमचा घोट राहिला. आईने मान हलवून नको म्हटलं. मग स्टीलचा ग्लास आला. मावशी प्यायली आणि ग्लास तिने आईपुढे धरला. पंचांनी मध्ये हात घातला.

"बाई, हा तुमच्यासाठी नाही."

"रस मीच केला, भाऊ. दोन्हीत एकच हाय."

आणि ती प्यायली. बाकांवर सगळीकडे कपड्यांची सळसळ झाली. माना वळत होत्या. पुढे पाळक मेजाशी उभे होते आणि समोरच्या भिंतीकडे पाहत होते, जणू तिथे काही लिहिलेलं आहे.

त्या आठवड्यात पाळक आमच्याकडे आले. चहा घेतला. सभ्य माणूस, शिकलेला, बंगलोरला चार वर्षं राहून आलेला. आईशी ते नेहमी आदराने बोलत.

"बाई, तो रोग आता पसरत नाही, हे मलाही माहीत आहे," ते म्हणाले. "पण लोकांची तयारी व्हायला हवी. घाई करून मंडळी फुटते. आपण प्रार्थना करू, देव मार्ग दाखवील."

"मी केली, साहेब. उत्तर आलं म्हणूनच बसली."

"देवाची उत्तरं सगळ्यांनी मिळून तपासायची असतात."

"तपासा ना. येऊन बसा. बाकावर जागा हाय."

पाळकांनी बशीतला उरलेला चहा संपवला. मला त्यांच्याएवढा राग वखारवाल्या पंचांचाही आला नाही. पंचांना खरोखर भीती वाटत होती. पाळकांना ठाऊक होतं. ज्याला ठाऊक आहे आणि जो तरीही लोकांच्या तयारीची वाट पाहतो, त्याची वाट कधी संपत नाही. ती त्याला सोयीची असते. त्यांचा कप विसळताना मी हे मोठ्याने बोलले. आई म्हणाली, हळू, थो अजून फाटकातच असंन. मी आणखी मोठ्याने बोलले.

मग एकेक सुरू झालं. पुढच्या प्रभुभोजनाचा रस करायचं काम आईकडून काढून एका पंचाच्या घरी दिलं. कोणी काही बोललं नाही, मनुका फक्त आमच्याकडे आल्या नाहीत. आई त्या शनिवारी दोनदा दाराशी जाऊन आली. त्या रविवारीही ती मागच्या बाकावर बसली, आणि तिथला ग्लास दोघींचा झाला. मग वसतिगृहातल्या मुलींचे पालक येऊन भेटू लागले. मुलींच्या वेण्या दुसऱ्या कोणी घालाव्यात असं ठरलं. शाळेचं वर्ष संपता संपता पंचांनी तिला बोलावून सांगितलं की वसतिगृहाला आता तरुण मेट्रन हवी आहे. ग्लासाचा, बाकाचा, मावशीचा कोणी उल्लेखही केला नाही. कारण म्हणून त्यांनी आईचं वय काढलं. आईच्या सेवेबद्दल आभार मानले आणि प्रार्थना करून बैठक संपवली. आईही त्या प्रार्थनेला आमेन म्हणून आली.

तिने हे सांगितलं त्या रात्री मी पत्रक लिहिलं. पहिल्या पानावर प्रश्न: एका मेजावर दोन भांडी कशाला? त्याच्याखाली सगळं. पंच, पाळक, फडकं, वय. युनियनच्या ऑफिसात सायक्लोस्टाइल मशीन होतं. शाई लागून हात काळे होईपर्यंत मी प्रती काढल्या. पुढच्या रविवारी मंडळीच्या फाटकात उभं राहून वाटायच्या होत्या. आधी आईला वाचून दाखवलं. मावशी अंडी घेऊन आली होती, तीही दारात बसून ऐकत होती.

वाचून झालं. आई म्हणाली, "चांगलं लिहिलं. पण यात मी लय मोठी दिसून राहिली."

"आहेसच तू."

"आन ही? हिचं तर यात हातच हाय फक्त."

मावशी म्हणाली, "हातही धड नाही."

"मावशी, लोकांना कळायला हवं ना."

"लोकाईले कळते, पोरी. कळते म्हणूनच फडकं आणते." तिने माझ्या हातातला कागद पाहिला. तिला वाचता येत होतं, आश्रमात शिकली होती. "बिनबोटाची, असं लिहिलं तू मले. तीनदा लिहिलं. मी तुह्या मायच्या बाजूले बसतो तवा तिनं एकदाही माह्या हाताकडं पाह्यलं नाही. तू वाटशीन हे, आन रविवारी सारे माह्या हाताकडं पाहतीन."

मी म्हटलं, मी ते शब्द बदलते. ती म्हणाली, शब्द बदलून काय होते. आई काहीच बोलली नाही, आणि आईचं न बोलणं म्हणजे नाही. मी प्रती वाटल्या नाहीत. मला अजूनही वाटतं की वाटायला हव्या होत्या. ते तीन शब्द खोडून वाटायला हव्या होत्या. दोघी बायका आयुष्यभर गप्प राहायला शिकल्या होत्या, आणि त्या गप्प राहण्याला माझ्याकडूनही मान हवा होता. मी मान दिला. राग गिळला नाही.

आम्ही आवार सोडलं. जुन्या वस्तीत विणकरांच्या गल्लीत एक खोली मिळाली. मालकाच्या ओसरीवर हातमाग होता, पण तो आता फक्त सणाच्या तोंडावर चाले. मालकाची मुलं हिंगण्याच्या कारखान्यांत लागली होती. त्यातल्याच एकाने आईला तिथल्या एका कँटीनमध्ये लावून दिलं. पोळ्या लाटायच्या, कधी सकाळपाळी, कधी रात्रपाळी. कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी यायची. पन्नाशी ओलांडलेली माझी आई तरुण पोरांच्या गर्दीत, मागच्या दाराने बसमध्ये चढायची. वसतिगृहाच्या मुली रस्त्यात दिसल्या तर तिला हाक मारायला धावायच्या आणि बरोबरच्या मोठ्या बायका त्यांना ओढून न्यायच्या.

एकदा ती पाळीवरून आली, मनगटं सुजलेली होती. मी गरम पाणी आणलं आणि न राहवून विचारलं, "कुठे आहे तो? तवा पाहू म्हणाली होतीस. कुठे आहे पाहणारा?"

"पाहून राहिला."

"नुसता पाहून राहिला?"

"तू नाही का नुसती लिहून राहिली," ती म्हणाली आणि हात पाण्यात बुडवले.

तिला देवाबद्दल तक्रार नव्हती, हे मला सर्वांत जास्त झोंबायचं. तिने एक अवघड गोष्ट ऐकली, ती केली, आणि त्याचं फळ मागायला ती गेलीच नाही. मी देवाला मानत नव्हते तरी रोज त्याच्याशी भांडत होते. ती त्याला मानत होती आणि त्याच्याकडे साधी खोली मागत नव्हती. ती म्हणायची, काम सांगणाऱ्यानं मजुरी कबूल केली नव्हती. कोणत्याही युनियनमध्ये असल्या मालकाविरुद्ध संप झाला असता.

ती दर तीन महिन्यांनी मागच्या बाकावर जायची. मग एका प्रभुभोजनाच्या रविवारी तिची पाळी सकाळची आली. तिने बदलून मागितली, मुकादमाने दिली नाही. शनिवारी पीठ चाळताना ती म्हणाली,

"तू जाय."

"मी देव मानत नाही."

"बसाले देव मानावं लागत नाही. ती एकटी पिईन, थे चांगलं नाही."

"मला पेला घेता येत नाही. दृढीकरण नाही."

"घेऊ नको. बस फक्त."

"तुला काम त्याने सांगितलं होतं. मला नाही सांगितलं."

"तुले मी सांगून राहिली ना."

मी गेले. रागाने गेले. आवाराच्या फाटकातून कितीतरी दिवसांनी आत शिरले आणि सरळ मागच्या बाकावर जाऊन बसले. मावशीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आली काहून?"

"आईनं पाठवलं. तिची पाळी आहे."

"देवानं नाही सांगितलं?"

"नाही."

"बरं झालं. तुमच्या घरात देव लय बोलते. बस."

पेला फिरला. बाकामागून बाक. मी माना मोजत नव्हते, पण मला प्रत्येक मान ओळखीची होती. काहींच्या वेण्या आईने घातल्या होत्या, त्या पोरी आता दृढीकरण होऊन पेला पुढे सरकवत होत्या. मग वखारवाले पंच ग्लास घेऊन आले. मावशीने घेतला. अर्धा प्यायली. पंचांनी फडकं पुढे केलं. तिने ग्लास दिला नाही. तिने तो आपल्या नि माझ्या मध्ये, बाकावर ठेवला.

"संपवा ना, बाई," पंच म्हणाले.

"माहा वाटा झाला. हा मेट्रनबाईचा हाय. ती कामावर गेली."

"त्या नाहीत ना इथे."

"नाहीत म्हणूनच ठेवला."

पंच उभे राहिले. ग्लास बाकावरून उचलायचा तर वाकून, तिच्या मांडीजवळून, तिने ओठ लावलेला, तो अर्धा भरलेला, हातात धरावा लागला असता. फडक्यात धरून भरलेला ग्लास नेता येत नाही, सांडतो. पुढे मेजावर सगळी भांडी परत आली होती, एवढा एक ग्लास सोडून. पाळक आच्छादन हातात घेऊन थांबले होते. भांडं बाहेर असताना झाकायचं नाही, अशी त्यांचीच पद्धत. माना पुन्हा वळल्या. कोणीतरी खोकलं. शेवटी पाळक स्वतः मेजापासून निघाले आणि मधल्या वाटेने चालत मागच्या बाकापर्यंत आले. माझ्या आठवणीत ते पहिल्यांदाच तिथवर आले होते.

"ग्लास द्या," ते हळू आवाजात म्हणाले.

मावशीने ग्लास दोन्ही तळव्यांत उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. "घ्या."

पाळकांनी पंचांकडे पाहून फडक्यासाठी हात केला.

"फडक्याशिवाय घ्या, साहेब," ती म्हणाली. आवाज भांडणाचा नव्हता. अंडी देताना, धक्का लावू नका म्हणते तसा होता. "मेट्रनबाईनं घेतला होता. तुमाले तर सारं ठाऊक हाय."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांचा हात थोडा पुढे आला, हे मी खोटं लिहिणार नाही. ते आले होते, हातही आला होता, आणि सगळी मंडळी पाहत होती. मग त्यांनी तो हात मागे घेतला, झग्याच्या बाहीत घातला, आणि वळून मेजाकडे चालत गेले. एक भांडं कमी असताना त्यांनी आच्छादन घातलं आणि शेवटची प्रार्थना म्हटली. मोठ्या आवाजात म्हटली. मी आमेन म्हटलं नाही.

मावशीने ग्लासावर आपला रुमाल बांधला आणि आम्ही बाहेर पडलो. कोणी अडवलं नाही. दुपारी गल्लीच्या तोंडाशी आम्ही कंपनीच्या बसची वाट पाहिली. आई उतरली, केसांना पीठ लागलेलं, आम्हा दोघींना पाहून घाबरली. मावशीने रुमाल सोडला. आईने सगळं ऐकून घेतलं, सायकली नि हातगाड्यांच्या मध्ये उभं राहून डोक्यावर पदर घेतला आणि ग्लास रिकामा केला.

"पाळकाईले देवानं सांगितलं असंन तवा," ती म्हणाली. "त्याईनं ऐकलं नसंन."

"मंग जराक मोठ्यानं बोलाचं होतं देवानं," मावशी म्हणाली.

दोघी हसल्या. मी हसले नाही. देव मोठ्याने बोलला नाही असं मला वाटत नाही, कारण तो बोलतो असंच मला वाटत नाही. त्या दिवशी त्या बाकापाशी जे सांगायचं होतं ते मावशीच्या दोन तळव्यांनी सांगितलं होतं, अगदी स्पष्ट, आणि पाळकांना ते ऐकू गेलं होतं. त्यांचा हात पुढे येताना मी पाहिला आहे.

ग्लास आमच्याकडेच राहिला. मंडळीने परत मागितला नाही. मावशीने नंतर सांगितलं की मागच्या बाकासाठी नवीन आणला आहे.

"केवढा हाय?" आईने विचारलं.

"लहान हाय. पह्यल्यापेक्षा लहान."

"तिघीले पुरत नाही मंग," आई म्हणाली.

मी म्हटलं, "मला धरू नकोस त्यात."

"धरलं नाही," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला मुकादमानं पाळी बदलून नाही देल्ली, तर कोण जाईन, एवढंच पाहून राहिली."